उंदराचे यकृत, कार्बन टेट्राक्लोराइड आणि काढ्याचे माहितीपत्रक

प्रश्न : माझ्या ६१ वर्षांच्या वडिलांना गेल्या महिन्यात कावीळ झाली. एका नातेवाइकांनी वनौषधींचा काढा आणून दिला आहे. कार्बन टेट्राक्लोराइड देऊन यकृत बिघडवलेल्या उंदरांवर तो गुणकारी ठरल्याचे त्याच्या माहितीपत्रकात छापले आहे. हे औद्योगिक रसायन उंदरांना कशासाठी देतात, त्याने यकृताच्या पेशींत नेमके काय घडते आणि त्यावरून माणसाच्या काविळीविषयी काही ठरवता येते का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : कार्बन टेट्राक्लोराइड हे एके काळी सर्रास वापरले जाणारे द्रावक होते. कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगसाठी, आग विझवण्याच्या नळकांड्यांत आणि पुढे फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू तयार करण्यासाठी ते लागत असे. १९२० च्या दशकात तर अंकुशकृमींवरचे औषध म्हणून ते माणसांनाही पाजले गेले. ओझोनच्या थराला ते घातक असल्यामुळे १९९० मध्ये लंडनला झालेल्या दुरुस्तीने ते माँट्रियल कराराच्या कक्षेत आले आणि त्याचे बहुतेक उपयोग थांबले. प्रयोगशाळेत मात्र ते टिकून राहिले, कारण ठरावीक मात्रेला, ठरावीक जागी आणि ठरावीक वेळात यकृताला इजा करणारे इतके भरवशाचे रसायन क्वचितच मिळते.

ही इजा कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. यकृतपेशींत सायटोक्रोम पी-४५० या कुळातली विकरे (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने) असतात आणि बाहेरून आलेल्या रसायनांचे रूप पालटून ती शरीराबाहेर टाकण्याजोगी करणे हे त्यांचे काम असते. त्यांतले २ई१ नावाचे विकर कार्बन टेट्राक्लोराइडमधला एक क्लोरीन अणू सोडवते आणि मागे उरतो तो ट्रायक्लोरोमिथाइल हा अतिशय क्रियाशील मुक्त मूलक (फ्री रॅडिकल), म्हणजे शेजारच्या रेणूंशी चटकन क्रिया करणारा रेणूचा तुकडा. म्हणजे पेशींचा घात करणारे विष यकृत स्वतःच, आपले नेहमीचे काम करता करता तयार करते. हे विकर घडवणारे जनुक काढून टाकलेल्या उंदरांना तीच मात्रा दिली, तर त्यांच्या यकृताला जवळजवळ काहीच होत नाही.

हा मूलक प्राणवायूशी संयोग पावून अधिकच आक्रमक होतो आणि पेशीतल्या पटलांमधील मेदाम्लांवर तुटून पडतो. एका मेदाम्लाच्या ऑक्सिडीभवनातून शेजारच्याचे, अशी साखळी सुरू होते. प्रथिने जिथे तयार होतात ती अंतर्द्रव्यजालिका आधी विस्कटते, त्यामुळे मेद बाहेर वाहून नेणारी प्रथिने पुरेशी बनत नाहीत आणि काही तासांतच पेशींमध्ये मेदाचे थेंब साचू लागतात. पुढे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात, पेशीत कॅल्शियम बेसुमार शिरते आणि पेशी फुटते. फुटलेल्या पेशींतली विकरे रक्तात उतरतात. आपल्या वडिलांच्या अहवालात जी एसजीपीटी लिहिलेली असेल, ती त्यांपैकीच एक. एक किंवा दोन दिवसांनी यकृताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर यकृत ज्या बारीक भागांचे बनलेले असते त्या प्रत्येक खंडिकेच्या मध्यवर्ती शिरेभोवती मृत पेशींचे कडे दिसते आणि खंडिकेच्या बाहेरच्या बाजूच्या पेशी बऱ्याच अंशी शाबूत असतात, कारण २ई१ विकर त्या शिरेजवळच सर्वाधिक असते. मद्यामुळे हे विकर वाढते, म्हणून या रसायनाची बाधा मद्यपान करणाऱ्या कामगारांना अधिक तीव्र झालेली आढळत असे.

आता माहितीपत्रकाकडे वळू. अशा प्रयोगांत बहुधा वनस्पतीचा अर्क उंदरांना आधी काही दिवस पाजतात आणि मग रसायन देतात. अर्कातल्या एखाद्या घटकाने २ई१ विकर मंदावले, तर विषच कमी तयार होते, एसजीपीटी कमी वाढते आणि अर्काने यकृताचे रक्षण केले असा निष्कर्ष निघतो. उंदरापुरता तो खराही असतो. पण आपल्या वडिलांच्या शरीरात कार्बन टेट्राक्लोराइड गेलेले नाही. आपल्याकडे पुष्कळदा दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ए किंवा ई विषाणूंची कावीळ होते आणि तिच्यात मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक पेशीच बाधित यकृतपेशींवर हल्ला करतात. तिथे या विकराला आवर घालून काय साधणार? पित्तनलिकेत खडा अडकल्याने झालेली कावीळ तर त्याहून निराळी. शिवाय एकाच मात्रेने दुखावलेले उंदराचे यकृत साधारण आठवडाभरात आपले आपणच भरून येते, त्यामुळे रसायनानंतर औषध दिलेले असेल, तर औषधाविना राहिलेल्या उंदरांशी केलेली तुलना पाहिल्याशिवाय त्या सुधारणेचे श्रेय कोणाला द्यावे हे सांगता येत नाही.

यावरून असे प्रयोग निरर्थक आहेत असे मात्र समजू नये. हेच रसायन आठवड्यातून दोनदा, दीड-दोन महिने दिल्यास यकृतातल्या एरवी शांत असणाऱ्या तारकापेशी जाग्या होऊन कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे विणू लागतात आणि यकृत निबर होत जाते. माणसातील सिऱ्होसिस, म्हणजे यकृत असे कायमचे निबर होण्याचा विकार, कसा घडतो याचे आपले आकलन बऱ्याच अंशी या उंदरांमुळे वाढले आहे. माझा आक्षेप आहे तो त्या प्रयोगाचे नाव पुढे करून आजारी माणसाला औषध विकण्याला.

काढा सुरू केला असल्यास कृपया तूर्त थांबवावा आणि बाटली व माहितीपत्रक घेऊन डॉक्टरांना भेटावे. वनस्पतिज म्हणून ते निरुपद्रवीच असेल असे गृहीत धरू नये : गुळवेल घेत असलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले होते आणि आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला हरकत घेतली असली, तरी आधीच सुजलेल्या यकृतावर अशी जोखीम घेण्याचे कारण नाही. बिलिरुबिन (काविळीत वाढणारे पिवळे द्रव्य), एसजीपीटी, प्रोथ्रॉम्बिन काळ (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि विषाणूंच्या तपासण्या करून काविळीचे कारण आधी निश्चित होऊ द्यावे. वडिलांना गुंगी येऊ लागली, ते असंबद्ध बोलू लागले किंवा हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे.