घोडी अडते तेव्हा

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन निवडली आहेत. पहिल्या पत्रातल्यासारख्या अडचणी अनेकांनी लिहिल्या आहेत, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देते.

प्रश्न : माझी घोडी सात वर्षांची आहे. सरावात एक मीटर दहा सेंटिमीटरच्या उड्या हौसेने मारते. गेल्या हंगामात आम्ही दोनदा पहिल्या तिघांत आलो. यंदा मात्र स्पर्धेच्या मैदानात पाऊल टाकलं की सगळं बिघडतं. मागच्या स्पर्धेत दोनदा अडली आणि आम्ही बाद झालो. आमचे प्रशिक्षक म्हणतात, 'माजली आहे, दोन फटके दे.' मला ते जमत नाही. तिला विकून दुसरा घोडा घ्यावा का?

उत्तर : चाबूक खुंटीला लटकवा, आणि विकण्याचा विचारही आत्ता नको. गेल्या वर्षी आनंदाने उडणारी घोडी यंदा थांबते आहे, म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललं आहे. ते शोधायचं आहे, आणि शोधाची सुरुवात तिच्या शरीरापासून.

आधी खोगीर. या वयात नियमित कामामुळे घोडा पाठीत आणि खांद्यांत भरतो. गेल्या वर्षी नेमकं बसणारं खोगीर आता खांद्यामागे रुतत असेल. रपेट झाली की खोगीर काढून घामाचा ठसा बघा. सगळी पाठ ओली आणि मध्येच तळहाताएवढा कोरडा डाग दिसला, तर तिथे जास्त दाब पडत असल्याची शंका घ्या. मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांनी सावकाश दाबत मागे जा. ती पाठ चोरत असेल, कान मागे टाकत असेल, तर पशुवैद्यांना बोलवा. दात आणि खूर त्याच भेटीत तपासून घ्या.

मग पोट. घोडा खात असो वा नसो, त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरत असतं. वैरण चघळताना जी भरपूर लाळ सुटते, ती त्या आम्लाचा जोर कमी करते. आता स्पर्धेचा दिवस आठवा. पहाटे गाडीत चढवायचं, पोट हलकं राहावं म्हणून वैरण काढून घ्यायची, तासन् तास उभं करायचं आणि रिकाम्या पोटी उड्या मारायला लावायच्या. जठराच्या वरच्या भागाला आम्लापासून फारसं संरक्षण नसतं. धावताना आम्ल तिथवर उसळतं आणि व्रण पडतात. स्पर्धेच्या घोड्यांत हे व्रण इतके सर्रास आढळतात, की तंग (खोगिराचा पट्टा) आवळताना चावायला येणारा घोडा दिसला की मी आधी एंडोस्कोपी सुचवते. गाडीत वैरणीची जाळी टांगा आणि स्वार होण्याआधी तिला थोडी वैरण खाऊ द्या. चंदी (दाणा) मात्र तेव्हा नको.

एखाद्या मैत्रिणीला तुमच्या सरावाचं चित्रीकरण करायला सांगा. ब्रिटनमधल्या पशुवैद्य सू डायसन यांनी स्वारीतल्या घोड्याच्या वेदना ओळखण्यासाठी 24 वर्तनांची यादी तयार केली आहे: सतत शेपटी झटकणं, तोंड पुन्हापुन्हा उघडणं, कान बराच वेळ मागे ठेवणं, शून्यात टक लावणं, वगैरे. त्यांतली 8 किंवा अधिक दिसली तर हाडांचं, सांध्यांचं किंवा स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच असते. ज्याला आपण माज म्हणतो, त्यातलं कितीतरी या यादीत सापडतं.

शरीर निर्दोष निघालं तर मग तुमच्याकडे वळू. स्वीडनमध्ये एक सुंदर प्रयोग झाला होता, 2009 साली प्रसिद्ध झाला. स्वारांना सांगितलं, की पुढच्या फेरीत तुम्ही जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी त्या फेरीत स्वारांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही. घोड्यांना छत्रीचं कुणी काही सांगितलं नव्हतं. दोन स्पर्धा बिघडल्यावर तुम्ही पहिल्या अडथळ्याकडे जाता तेव्हा तुमचा श्वास अडकलेला असतो, मांड आवळलेली असते आणि लगाम नकळत ओढलेला असतो. घोड्याला कपाळासमोरचं आणि नाकाखालचं दिसत नाही. अंतर जोखायला त्याला मान मोकळी लागते. नेमक्या त्या क्षणी तुम्ही ती धरून ठेवलीत, तर उडी मारणं तिला धोक्याचं वाटणारच.

यापुढच्या काही स्पर्धांना तिला फक्त घेऊन जा. नाव नोंदवू नका. हाताने फिरवा, उभी करा, चरू द्या, परत आणा. मग 80 सेंटिमीटरच्या वर्गात उतरा. सरावात अडथळ्यामागची जागा, त्याचे रंग, त्याच्यावरची सावली रोज बदलत राहा. घरचे अडथळे तिला पाठ झालेले असतात, त्यामुळे सरावातल्या उड्यांवर फार विसंबू नका. ती पुढे सरकली की त्याच क्षणी पायांचा दाब काढा. घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणातून शिकतो. उशिरा सोडलात तर भलतंच शिकतो.

फटक्यांबद्दल एकदाच लिहिते. टोकियो ऑलिंपिकमध्ये आधुनिक पंचकात (पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेत) घोडेस्वारीपूर्वी आघाडीवर असलेल्या जर्मन खेळाडूला चिठ्ठीने एक अनोळखी घोडा मिळाला. त्या खेळात घोड्याशी ओळख करून घ्यायला जेमतेम 20 मिनिटं मिळत. तोच घोडा त्याआधी दुसऱ्या स्वाराखालीही अडला होता. तो पुन्हा अडला. ती रडत होती, चाबूक चालला, तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला बुक्की मारली आणि ती प्रशिक्षिका स्पर्धेतून अपात्र ठरली. फेरी पूर्ण झाली नाही आणि पदकही गेलं. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकली. उड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही बाद झाल्यावर चाबूक वापरणं हा गैरवापरच धरला जातो. तुम्हाला ते जमत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या प्रशिक्षकांना हे पत्र जरूर दाखवा.

हे सगळं करूनही तिला स्पर्धेतल्या उड्या नकोशाच असतील, तर तो तिचा कौल समजा. अशा घोड्या ड्रेसाजमध्ये (उड्यांऐवजी शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत) किंवा नवशिक्यांच्या हाताखाली खुलताना मी पाहिल्या आहेत.

प्रश्न : मी पंधरा वर्षांची आहे. माझ्या घोड्याच्या पुढच्या पायाच्या टेंडनला (स्नायू हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला) इजा झाली. डॉक्टर म्हणतात, वर्षभर स्पर्धा नाही. पण तीनच आठवड्यांत सूज उतरली आहे आणि तो छान चालतो. माझ्या बरोबरीच्या मुली पुढे जात आहेत. थोडं आधी सुरू केलं तर? की दुसऱ्या घोड्यावर बसू? त्याला फसवल्यासारखं वाटतं.

उत्तर : बाळा, सूज उतरणं म्हणजे टेंडन भरून येणं नव्हे. तिथे रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ते फार सावकाश भरतं, आणि भरून आलेला भाग आधीसारखा लवचीक राहत नाही. आत्ता त्याला दुडक्या चालीने पळवलंस तर तो लंगडणारही नाही कदाचित, आणि आतले कोवळे धागे पुन्हा तुटतील. दुसऱ्यांदा तुटलेलं टेंडन अनेक घोड्यांची कारकीर्द संपवतं. डॉक्टर सोनोग्राफी करून सांगतील तेव्हाच पुढची पायरी. तोवर हाताने चालवणं, तेही त्यांनी सांगितलेल्या मिनिटांपुरतं.

रोज सकाळी काम सुरू होण्याआधी दोन्ही पुढच्या पायांवरून हात फिरव आणि एका पायाची ऊब दुसऱ्याशी ताडून बघ. त्याची नाडी मोजायला शिक. विश्रांतीत मिनिटाला 28 ते 44 ठोके असतात. ताप बघायला शिक. 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस ठीक. खरारा स्वतः कर. दुसऱ्या घोड्यांवर खुशाल बस, जितके मिळतील तितक्यांवर. आळशी घोडा तुझे पाय घडवील, तापट घोडा तुझे हात. यात फसवणूक कसली? तो बरा होईल तेव्हा त्याला आधीपेक्षा चांगली स्वार मिळेल.

आणि पुढे गेलेल्या मुलींची काळजी करू नकोस. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना 1944 मध्ये पोलिओ झाला, गुडघ्याखाली पाय लुळे पडले. घोड्यावर चढायला दुसऱ्याची मदत लागायची. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजची दारं स्त्रियांना पहिल्यांदा उघडली, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवलं. 1956 मध्ये पुन्हा रौप्य. तुझं तर हे एकच वर्ष जाणार आहे.

प्रश्न : स्पर्धेच्या सकाळी घोडा 'जरासा सुस्त' वाटला, तर माघार घ्यावी का? प्रवेश शुल्क परत मिळत नाही.

उत्तर : 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या अडेलिंडे कॉर्नेलिसेन यांच्या पार्झिवाल या घोड्याला स्पर्धेआधी ताप आला होता आणि जबड्याजवळ सूज होती. ताप उतरल्यावर त्या मैदानात उतरल्या, पण तो नेहमीसारखा नाही हे जाणवताच कार्यक्रम मध्येच थांबवून, अभिवादन करून बाहेर पडल्या. ऑलिंपिकमध्ये हे करता येतं, तर तुमच्या स्पर्धेतही करता येईल.

सकाळी चार गोष्टी बघा: रात्रीची वैरण संपली आहे का, लीद नेहमीइतकी पडली आहे का, ताप आहे का, सरळ रेषेत हाताने पळवल्यावर डोकं प्रत्येक पावलाला सारखं राहतं का. एकही गोष्ट खटकली तर नाव मागे घ्या. लीदच पडली नसेल आणि तो पुढच्या पायाने जमीन उकरत, वळून कुशीकडे बघत असेल, तर ते पोटशूळाचं लक्षण समजा. चंदी-वैरण काढून घ्या आणि आयोजकांच्या आधी पशुवैद्यांना फोन करा.