आठवीच्या मुलांना बॅटरीचं रसायन हाताने करून कसं शिकवावं? धोका नको आहे.

बर्फाचा ट्रे घ्या. चार-पाच कप्प्यांत लिंबाचा रस किंवा व्हिनेगर ओता. प्रत्येक कप्प्यात एक जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि एक सोललेली तांब्याची तार ठेवा. एका कप्प्यातला खिळा पुढच्या कप्प्यातल्या तारेला जोडत जा. एका कप्प्यातून साधारण 0.9 व्होल्ट मिळतात. लाल एलईडीला 1.8च्या आसपास लागतात, पण विद्युतधारा फारच कमी असल्याने चार कप्पे तरी हवेतच. एलईडीचा लांब पाय तांब्याकडे. खोलीत अंधार करा, उजेड मिणमिणताच असतो.

‘वीज लिंबातून येते’ असं मुलं हमखास म्हणतात. तेव्हा खिळ्याऐवजी दुसरी तांब्याचीच तार घालायला सांगा. मल्टिमीटर जवळजवळ शून्य दाखवतो! जस्त विरघळताना इलेक्ट्रॉन सोडतं, ते तारेतून तांब्याकडे जातात आणि तिथे हायड्रोजन तयार होतो. रस म्हणजे आयनांची (विद्युतभारित कणांची) वाट, आणि हायड्रोजनही त्यातल्याच आयनांपासून बनतो. (व्होल्टाने 1800 साली हेच मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या पुठ्ठ्यांनी केलं होतं.)

रस नंतर फेकून द्या, त्यात जस्त उतरलेलं असतं. आणि मोबाईलची बॅटरी कुणालाही उघडू देऊ नका, ‘फक्त बघायला’सुद्धा नाही.