वाचकांचे प्रश्न : विक्रीचे टार्गेट आणि व्यवस्थापकाची कोंडी

प्रश्न : तयार कपड्यांच्या दुकानांच्या एका साखळीतील शाखेची मी व्यवस्थापक आहे. दर महिन्याला गेल्या वर्षीच्या याच महिन्यापेक्षा वाढीव टार्गेट येते. माणसे मात्र कमी केली जातात आणि मागणी असलेली मापे आठवडा-आठवडा मिळत नाहीत. संध्याकाळच्या ऐन गर्दीत ‘आकडा किती झाला?’ असे वरिष्ठांचे मेसेज दर तासाला येतात. तोच तगादा मी काउंटरवरच्या मुलांमागे लावते. हे चुकते आहे हे कळते, पण करावे काय?

उत्तर : तुमचा त्रास कामाच्या ओझ्याचा कमी आणि अधिकाराविना आलेल्या जबाबदारीचा अधिक आहे. किंमत, जाहिरात, मालाची निवड आणि नेमणुका हे सारे वर ठरते. जाब मात्र तुम्हाला विचारला जातो. म्हणून आधी तो आकडा फोडा. दुकानाची विक्री म्हणजे आत आलेली माणसे, त्यांपैकी खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण आणि सरासरी बिल या तिहींचा गुणाकार. समजा, दिवसाला ४०० माणसे आली आणि ८० बिले झाली, तर प्रमाण २० टक्के झाले. उद्या ३२० माणसेच आली, तर तेवढ्याच बिलांसाठी ते २५ टक्क्यांवर न्यावे लागेल. म्हणजे तुमच्या मुलांनी पूर्वीपेक्षा सरस काम केले, तरी विक्री जागच्या जागीच राहील. वरिष्ठांच्या मेसेजमध्ये हा फरक कधीच दिसत नाही, तो तुम्हालाच दाखवावा लागेल. (दारावरचे मोजणीयंत्र कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्यालाही ग्राहक समजत नाही ना, हे आधी पाहून घ्या.) गेल्या वर्षीच्या त्या महिन्यात पाच रविवार होते आणि यंदा चारच असतील, तर तेही लिहा.

मापांची तक्रार करण्याआधी संगणकातला साठा आणि फळीवरचा साठा ताडून पाहा. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांच्या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकाच कंपनीच्या ३७ दुकानांतील साठ्याच्या सुमारे ३,७०,००० नोंदी तपासण्यात आल्या आणि त्यांपैकी ६५ टक्के चुकीच्या निघाल्या. संगणकात मध्यम मापाचे दोन शर्ट शिल्लक दिसतात. प्रत्यक्षात एक चोरीला गेलेला असतो आणि दुसरा ट्रायल रूममागच्या ढिगाऱ्यात पडलेला असतो. नोंदीवर साठा आहे म्हणून नवा माल येत नाही, फळीवर नाही म्हणून ग्राहक रिकाम्या हाती जातो, आणि दोष विक्रेत्याच्या माथी येतो. सर्वाधिक खपणारे मोजके प्रकार रोज दुकान उघडण्यापूर्वी मोजून नोंदी दुरुस्त करा आणि त्यानंतरही जी मापे येत नाहीत, त्यांची यादी ग्राहकांनी ती किती वेळा मागितली या संख्येसह दर आठवड्याला लेखी पाठवा. तोंडी गाऱ्हाणे बैठकीतच विरून जाते.

राहिला मुलांचा प्रश्न. दर तासाचा आकडा त्यांच्यापर्यंत जाऊ देऊ नका, कारण त्यावर त्यांना करता येण्यासारखे काहीच नसते. त्याऐवजी हाताशी येईल असे एखादे काम द्या : संध्याकाळी एका अनुभवी माणसाला ट्रायल रूमपाशीच थांबवा, म्हणजे आत असलेल्या ग्राहकाला दुसरे माप लगेच मिळेल. एवढे करूनही वरून माणसांची कपातच होत राहिली, तर नोकरी बदलण्याचा विचार करण्यात कमीपणा मानू नका.

प्रश्न : महिनाअखेरीस टार्गेट गाठण्यासाठी आमच्याकडे ओळखीच्यांच्या नावे बिले करतात आणि पुढच्या आठवड्यात माल परत घेतात. सगळेच करतात, मग हरकत काय?

उत्तर : हरकत दोन प्रकारची आहे. त्या बिलांवर इन्सेंटिव्ह घेतला जात असेल, तर ती सरळसरळ फसवणूक आहे आणि चौकशीत बिलावर ज्याची सही, तोच अडकतो. दुसरे असे की, परतावा पुढच्या महिन्याच्या खात्यात जातो आणि तुमची फुगवलेली विक्री पुढच्या वर्षीच्या टार्गेटचा पाया बनते. या महिन्यापासून ती बिले थांबवा आणि त्यामुळे आकडा घसरणार असल्याची कल्पना वरिष्ठांना महिना संपण्यापूर्वीच द्या.