नवे टायर टाकले अन् मोटरहोम डुलायला लागलं

प्रश्न: आम्ही टेक्सासला असतो, मोटरहोमचे (आत राहायची सोय असलेल्या गाडीचे) सहाही टायर बदलले तेव्हापासून हायवेवर गाडी सरळ चालतच नाही, सारखं स्टिअरिंग सावरावं लागतं, खांदे भरून येतात. चाकांची अलाइनमेंट गेली का?

उत्तर: आधी हवा बघा. बरेचदा दुकानवाले टायरच्या कडेवर छापलेलं कमाल प्रेशर, समजा ८० पीएसआय, सरसकट भरून देतात, मग पुढचे टायर दगडासारखे होतात नि गाडी भरकटते. पाणी, सामान, माणसं सगळं भरून वजनकाट्यावर पुढच्या-मागच्या दोन्ही एक्सलचं वेगवेगळं वजन करा आणि किती वजनाला किती हवा हे सांगणाऱ्या टायर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे टायर थंड असताना हवा भरा, त्याहून कमी मात्र अजिबात नको, टायर तापून फुटतो हो. तरी डुलली तर अलाइनमेंटमधला कॅस्टर, म्हणजे चाक वळतं त्या अक्षाचा पुढे-मागे कल, मोजून घ्या, नुसता टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, बघून भागत नाही.