आधी परत आण

प्रिय रॉकेटवेड्या,

तुझं पत्र वाचलं. छंदाची चार मॉडेल रॉकेटं सोडलीस, दोन सापडलीच नाहीत, एकाची नळी उभी फाटली, आणि प्रश्न काय, तर आता दोन टप्प्यांचं, म्हणजे एकामागून एक पेटणाऱ्या दोन मोटरींचं, बनवू की थेट एच ही मोठ्या ताकदीची मोटर (रॉकेटला ढकलणारी इंधनाची नळकांडी) घेऊ? दोन्ही नको. आधी परत आण. रॉकेट पुन्हा उडवण्याजोगं हातात आलं, तरच ते उड्डाण मोजायचं. या हिशोबाने तुझं एकच उड्डाण झालंय.

नळी फाटली ती कागद कच्चा होता म्हणून नाही. मोटरवरचा शेवटचा आकडा तू पाहिलाच नाहीस. 'सी६-५' यातला सी म्हणजे एकूण आवेग (जोर गुणिले तो टिकतो तो वेळ), ५ ते १० न्यूटन-सेकंद. ६ हा सरासरी जोर, न्यूटनमध्ये. आणि ५ म्हणजे इंधन जळून संपल्यापासून इजेक्शन चार्ज (नाक उडवून पॅराशूट बाहेर ढकलणारी दारू) उडेपर्यंतचे सेकंद. तुझं रॉकेट जड, उंची कमी, त्यामुळे पाच सेकंदांत ते नाक खाली करून वेगात यायला लागलं. त्या वेगात पॅराशूट उघडलं की शॉक कॉर्ड, म्हणजे नाक आणि नळी जोडणारी दोरी, नळीला सुरीसारखी चिरते. तिथे सी६-३ हवी होती. हलक्या, सडपातळ रॉकेटला उलट: तीन सेकंदांनी ते अजून चढतच असतं, म्हणून ५ किंवा ७. शेवटी ० असेल, तर ती मोटर खालच्या टप्प्यासाठी असते. तिच्यात इजेक्शन चार्जच नसतो. ती एकट्या रॉकेटात घातलीस तर पॅराशूट आतच राहणार.

आता भरणी. इथेच सगळे घाई करतात. वॅडिंगचे, म्हणजे पॅराशूटला इजेक्शनच्या आगीपासून वाचवणारे, चार-पाच न जळणारे कागद सैल चुरगाळून टाक. ठासलेस तर बोळा अडकतो, कमी टाकलेस तर पॅराशूट वितळून त्याची गोळी होते. पॅराशूटला आतून टाल्कम पावडर लाव, थंडीत तर लावच, नाहीतर घड्या चिकटतात. घडी उड्डाणाच्या आधी घाल, आदल्या रात्री नको. शॉक कॉर्ड नळीच्या किमान तिप्पट लांब हवी. नाक धरून रॉकेट उचललं तर सुटू नये, हलका झटका दिला की सुटावं. मोटर मात्र घट्ट बसली पाहिजे, गरज पडली तर टेपचा वेढा दे. सैल मोटर इजेक्शनच्या धक्क्याने मागून निसटते आणि नाक जागेवरच राहतं. हे सगळं परत आणण्याचंच काम आहे, कळलं ना?

चढणं सरळ झालं नाही तर परत येणंही अवघड. मोटर, पॅराशूट सगळं भरून गुरुत्वमध्य, म्हणजे रॉकेट आडवं तोलून राहतं ती जागा, काढ. तो दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटतो त्या जागेच्या) पुढे निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. कमी पडला तर नाकात वजन घाल. फार पुढे गेला तर रॉकेट वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि लांब जाऊन पडतं. सरासरी जोर वजनाच्या पाचपट धर. २०० ग्रॅमचं रॉकेट म्हणजे साधारण २ न्यूटन वजन. सी६ चा जोर त्याच्या जेमतेम तिप्पट, म्हणजे सुरुवातीला दिशा धरून ठेवणारी लाँच रॉड सोडतानाच ते डुलणार. डी१२ चालेल. पण म्हणून उद्याच डी१२ आणू नकोस!

प्रत्येक अक्षराला आवेगाची कमाल मर्यादा दुप्पट होते: डी २०, ई ४०, एफ ८०, जी १६०. ए८-३ वर एकच रॉकेट लागोपाठ परत आण, मग बी, मग सी. डी ते जी या मधल्या पट्ट्यात बराच काळ राहा. दोन टप्प्यांचं त्यानंतर, आणि तेव्हा स्थैर्य दोनदा तपास: जोडलेलं असताना आणि वरचा टप्पा एकटा असताना. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली या संस्था एच आणि आय मोटरसाठी पहिल्या पातळीचं प्रमाणपत्र देतात, तेही उंची बघून नाही. रॉकेट पुन्हा उडण्याजोगं परत आलं का, हे बघून. मी एकटाच हेका धरून बसलोय असं तुला वाटत होतं ना? अल्टिमीटरने (उंची मोजणाऱ्या यंत्राने) शिखरावर छोटं आणि खाली आल्यावर मोठं पॅराशूट उघडायची सोयसुद्धा, रॉकेट वाऱ्याने मैलभर वाहून जाऊ नये म्हणूनच असते.

घरी स्वतः इंधन भरून मोटर बनवायचा विचार पत्रात होता. तो विषय बंद. तयार मोटर, विजेवर चालणारा इग्नायटर (मोटर पेटवणारी तार), आणि पेटवताना रॉकेटपासून डी पर्यंत निदान ५ मीटर आणि त्यापुढच्या मोटरना ९ मीटर अंतर. पेटलं नाही तर लाँच बटणाची सेफ्टी चावी काढ आणि पूर्ण ६० सेकंद जवळ जाऊ नकोस.

फाटलेली नळी टाकून दे, चिकटवत बसू नकोस. नवी नळी घातलीस की मोटरसकट वजन कर आणि गुरुत्वमध्य नाकापासून किती सेंटिमीटरवर येतो ते लिहून पाठव. त्याशिवाय कुठली मोटर, हे मी सांगणार नाही.