तोंडभर पक्के दात बसवायचेत? आधी कच्च्या दातांचं विचारा

तुमचा प्रश्न असा: वडील ६३ वर्षांचे, शुगर आहे, वरचे सात-आठच दात उरलेत, खालचे झिजून बुटके झालेत. एका दवाखान्यात 'आठ दिवसांत तोंडभर पक्के दात' असं सांगून सहा लाखांचा आकडा दिलाय. करावं का?

करा. पण आठ दिवसांत नको.

हे मी आईच्या अनुभवावरून सांगतेय. आई दिंडोरी तालुक्यातली, चाळीस वर्षं मिश्री लावलेली. २०१९ मध्ये भावाच्या लग्नाआधी आम्हीही अशीच घाई केली. नऊ दिवसांत उरलेले सगळे दात घासून त्यांवर कॅप आणि पडलेल्या दातांच्या जागी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसणारे जोडदात, बसवले. फोटो सुंदर आले. महिन्याभरात सकाळी उठल्यावर आईचा कान दुखायला लागला, जेवताना गाल आतून चावला जाऊ लागला. आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "कान चांगला आहे. कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतोय, दातांच्या डॉक्टरांना दाखवा." नवे दात उंचीला चुकले होते. नंतर ते कापून काढावे लागले, आणि कापताना आईने माझा हात घट्ट धरला होता, ते मी विसरलेले नाही.

तेव्हा कळलं की या कामात दात ही शेवटची गोष्ट. मुख्य गोष्ट चावा. तोंड मिटल्यावर जबडा कुठे आणि किती उंचीवर थांबणार, हे दात ठरवतात. दात झिजले, पडले की ती जागा हरवते आणि डॉक्टरांना ती नव्याने शोधावी लागते. शोधलेली जागा बरोबर आहे की नाही, हे मशीन सांगत नाही. माणसाने त्या चाव्यावर जेवून, बोलून, झोपून बघावं लागतं. त्यासाठी आधी कच्चे, म्हणजे टेम्पररी प्लास्टिकचे दात लावतात.

दुसऱ्या वेळी आई जवळजवळ तीन महिने कच्च्या दातांवर होती. दर पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टर दातांमध्ये निळा कागद धरायचे आणि म्हणायचे, "आजी, टकटक करा." जिथे निळा ठिपका गडद उमटेल तिथे जरासं घासायचं, परत कागद, परत टकटक. मग ते आईला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावायचे. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. 'स' आणि 'ष्ट' म्हणताना दात एकमेकांवर आपटले तर उंची जास्त, हवा फुसफुसली तर कुठेतरी फट. पहिल्यांदा आईचं 'बासष्ट' आलंच नाही. चौथ्या भेटीला सगळे आकडे स्वच्छ आले आणि त्यानंतरच पक्क्या दातांचं माप घेतलं.

म्हणून त्या दवाखान्यात एकच प्रश्न आधी विचारा: "कच्च्या दातांवर किती दिवस ठेवणार?" उत्तर दोन-चार दिवस असेल तर दुसरं मत घ्या.

आता इम्प्लांटबद्दल. हाडात बसवतात तो टायटॅनियमचा स्क्रू. हाड टायटॅनियमला घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी शोधलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर वापरलं. ही पकड यायला वेळ लागतो: खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरचं हाड मऊ असल्यामुळे चार ते सहा. चार इम्प्लांटवर त्याच दिवशी दात लावायची पद्धतही खरी आहे, ती फसवणूक नाही. पण त्या दिवशी लावतात ते दात बहुधा कच्चेच असतात, पक्के काही महिन्यांनी येतात. आणि ते जमेल की नाही हे सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेमध्ये, हाडाची उंची-जाडी बघूनच ठरतं, नुसत्या साध्या एक्स-रेवर नाही.

वडिलांची शुगर हा माझ्या मते खर्चापेक्षा मोठा मुद्दा आहे. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी आधी करून घ्या. आमच्या डॉक्टरांनी ती ८ च्या वर असेपर्यंत आईच्या हाडाला हात लावला नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. हाडं ठिसूळ होतात म्हणून कधी गोळ्या किंवा वर्षातून एकदाचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते नक्की सांगा. त्या औषधांमुळे दात काढल्यावर किंवा इम्प्लांटनंतर जबड्याची जखम न भरण्याचा धोका असतो. तंबाखू, बिडी, मिश्री यातलं काही असेल तर लपवू नका, इम्प्लांट सुटण्याचं ते मोठं कारण आहे. आईने मिश्री सोडली तेव्हाच काम सुरू झालं. तिला ते फार जड गेलं, पण तिने ते केलं.

पैशाचं. सगळं फिक्सच हवं असं नाही. खालच्या जबड्यात दात उरणार नसतील तर दोन इम्प्लांट बसवून त्यांवर बटणासारखी अडकणारी कवळी करता येते. खर्च बराच कमी आणि सुट्या कवळीसारखी ती हलत नाही. हा पर्याय तुम्हाला सांगितला का, विचारा. खालचे दात नुसते झिजलेत आणि मुळं भक्कम आहेत, तर ते वाचवता येतील का हेही विचारा. चांगला दात काढून इम्प्लांट बसवण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. आरोग्य विम्यात हे काम बहुधा बसत नाही, त्या भरवशावर राहू नका.

डॉक्टर प्रोस्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे कृत्रिम दात बसवण्याच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) आहेत ना, हे पाहा. नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोडला दवाखाने खूप आहेत. शिवाय पंचवटीत हिरे दंत महाविद्यालय आहे. तिथल्या ओपीडीत निदान दुसरं मत घेता येईल. कॉलेजात वेळ जास्त जातो, खेपा वाढतात, पण घाई नसते आणि खर्चही कमी येतो.

अंदाजपत्रक लेखी घ्या: कोणत्या कंपनीचा इम्प्लांट, झिरकोनियाचे (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकचे) दात की धातूवर सिरॅमिक, कच्च्या दातांचे पैसे वेगळे का, काही सुटलं तर दुरुस्ती कोणाच्या खर्चाने. इम्प्लांटच्या पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर मागून फाइलला लावा. दहा वर्षांनी वेगळ्या गावात एखादा स्क्रू ढिला झाला तर त्यावरूनच कळतं की कोणता भाग लागेल.

दात बसल्यावर दर सहा महिन्यांनी दाखवायला जावं लागतं. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्या कडेची हिरडी आणि हाड दुखल्याशिवाय खराब होऊ शकतं. आई रोज रात्री दातांमधल्या फटीत बारीक ब्रश घालून साफ करते, मग झोपताना नाइट गार्ड, म्हणजे झोपेत दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून दातांवरचं प्लास्टिकचं कव्हर, लावते. या जानेवारीत तिने पिंपळगावहून आणलेला पेरू फोड न करता, दाताने तोडून खाल्ला.

वडिलांचा स्कॅन आणि शुगरचा रिपोर्ट आला की इथेच लिहा. कोणते प्रश्न विचारायचे ते मी नक्की सांगेन.