टायफॉइडच्या मुलाला पहिला डोस देण्याआधी

दवाखाना नुकताच सुरू केलायस, म्हणून आधी हेच सांगते. चार-पाच दिवस ताप असलेलं मूल आलं आणि टायफॉइडची शंका आली, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी, पाठव. विडाल या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ततपासणीवर विसंबू नकोस. पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि आपल्याकडे टायफॉइड नसतानाही पॉझिटिव्ह येते. कल्चरसाठी रक्त मात्र पुरेसं घे. या आजारात एक मिली रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, थेंबभर रक्तात काय सापडणार?

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचा आता भरवसा उरलेला नाही. सेफट्रायॅक्सोनचं इंजेक्शन आपल्याकडे अजून बहुतेक वेळा लागू पडतं, पण पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६पासून त्यालाही दाद न देणारा टायफॉइड पसरला. तिथे तोंडावाटे देण्याजोगं अझिथ्रोमायसिन तेवढं हाताशी राहिलं.

खरी परीक्षा तिसऱ्या दिवशी असते. औषध बरोबर असलं तरी ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. आईबाबा घाबरून फोन करतात आणि डॉक्टर दुसरं इंजेक्शन जोडून मोकळा होतो. तू तसं करू नकोस. तापाची वही लिहायला सांग: चढ रोज थोडा कमी होतोय का, मूल खातंय का, लघवी होतेय का. पोट फुगलं किंवा मूल गुंगीत गेलं तर लगेच ॲडमिट कर.

लसीचंही विचारत जा. टायफॉइड कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून देता येते. नवी मुंबई महापालिकेने २०१८मध्ये मोहीम काढून ती मुलांना दिली होती.